हार्डी वॉटर लिली: पाण्याआधी चिखलाचं बघा

हार्डी, म्हणजे थंडी सोसणारी, वॉटर लिली फुलत नाही म्हटलं की लोक पाण्याबद्दल विचारायला लागतात. पाणी हिरवं झालंय, पाणी गढूळ झालंय, किती दिवसांनी बदलू, फिल्टर लावू का? पाणी बहुतेक वेळा निर्दोष असतं. लिलीचं बरंवाईट ठरतं ते कुंडीतल्या चार-पाच इंच चिखलात, आणि तो चिखल आपण एकदाच, लावणीच्या दिवशी कालवतो. त्या दिवशी हयगय झाली की पुढे वर्षभर पाण्याच्या नावानं बोटं मोडत बसायचं.

खालचं सगळं पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा अशा पठारी भागाला धरून आहे. कोकणात आणि विदर्भात काय बदलायचं ते जागोजागी येईलच.

आधी झाड हार्डीच आहे ना?

नर्सरीत वॉटर लिली म्हणून जे मिळतं त्यात हार्डी आणि ट्रॉपिकल अशा दोन घराण्यांची झाडं असतात. पाटीवर विसंबू नका, पानाची कड बघा. हार्डीच्या पानाची कड सरळ आणि गुळगुळीत असते. ट्रॉपिकलची बहुतेक वेळा दातेरी किंवा लाटांसारखी मुरडलेली. हार्डीचं फूल पाण्याला टेकून किंवा जेमतेम बोटभर वर उमलतं, ट्रॉपिकलचं देठावर चांगलं वीतभर उभं राहतं. खाली हात घालून पाहिलं तर हार्डीचा कंद आल्यासारखा आडवा, सरपटत वाढणारा. ट्रॉपिकलचा गोल आणि त्यातून पानांचा झुबका सरळ वर. नेहमीच्या हार्डी जातींत निळा-जांभळा रंग नाही. निळ्या फुलाचा फोटो दाखवून कोणी 'हार्डी आहे' म्हणत असेल तर पैसे खिशात ठेवा.

हा फरक लावणीसाठी महत्त्वाचा. आडव्या कंदाला पुढे सरकायला जागा लागते, म्हणून तो कुंडीच्या कडेला लावतात. गोल कंद मधोमध. उलट केलं तर हार्डी दोन महिन्यांत कुंडीच्या भिंतीला धडकते आणि तिथेच कोंब वेडावाकडा होऊन अडकतो.

आज बाजारात असलेल्या रंगीत हार्डी जातींची सुरुवात फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक यांच्यापासून झाली. त्यांनी युरोपातली पांढरी लिली अमेरिकेतल्या पिवळ्या आणि गुलाबी जातींशी संकरित केली आणि १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. चित्रकार क्लोद मोनेनं आपल्या जिव्हर्नीच्या तळ्यासाठी लिली घेतल्या त्या त्यांच्याच नर्सरीतून. म्हणजे या झाडांची मूळ परीक्षा गोठलेल्या तळ्याखाली हिवाळा काढण्याची. आपल्याकडे गोठणं नाही, पण मे महिना आहे, आणि ती परीक्षा सगळ्याच जाती पास होत नाहीत. गडद लाल जातींच्या पाकळ्या कडक उन्हात करपून विरघळल्यासारख्या होतात. 'अट्रॅक्शन'सारखी लाल जात पठारावर एप्रिल-मेमध्ये निराशाच करते. पहिलं झाड घ्यायचं तर पिवळी 'क्रोमाटेला' घ्या. ही १८८७ची जात, आणि इतक्या वर्षांनी तिची खोड काढता येत नाही. थायलंडमध्ये तयार झालेल्या जाती तर उष्णतेतच निवडलेल्या, त्यामुळे आपल्याकडे त्या चांगल्या रमतात. 'वन्विसा' ही त्यातली पीच-गुलाबी. २०१० साली आंतरराष्ट्रीय वॉटर लिली संस्थेच्या स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तिचं एखादं फूल अर्धं पिवळं निघतं तेव्हा झाड बिघडलं असं समजू नका, तो तिचा स्वभाव आहे. छोट्या टबासाठी पिवळी 'हेलवोला'. तिचं फूल दोन-अडीच इंचांचं आणि सहा इंच पाण्यात ती खूश.

टब, तळं आणि गच्चीवरचं वजन

लिलीला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ग्रिलच्या खिडकीत किंवा उत्तरेकडच्या बाल्कनीत पानं येतील, फूल येणार नाही. इथे खताचा उपाय चालत नाही.

दोन फूट व्यासाचा, सव्वा फूट उंच टब भरला की त्यातलं पाणी आणि कुंडी मिळून शंभर किलोच्या वर जातं. चौरस मीटरच्या हिशेबात हे साडेतीनशे किलोपेक्षा जास्त पडतं. वावरण्याच्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक धरतं ते दीडशे किलो. एखादा टब कडेला, तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवला तर काही बिघडत नाही. पण सहा टब स्लॅबच्या मधोमध ओळीनं मांडायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. 'काही होत नाही हो' म्हणणारा प्लंबर या बाबतीत तज्ज्ञ नाही.

जमिनीवर तळं करायचं असेल तर शेततळ्याचा कागद उत्तम. ५०० मायक्रॉनचा घ्या. कृषी सेवा केंद्रात किंवा शेततळ्याची कामं करणाऱ्यांकडे उरलेला तुकडाही मिळतो. मापाचा हिशेब असा: लांबीत दोनदा खोली मिळवा आणि दोन्ही बाजूंना फूट-फूट दाबायला धरा. आठ फूट बाय सहा फूट, दोन फूट खोल तळ्याला चौदा बाय बारा फुटांचा कागद लागेल. खड्ड्यातले दगड, मुळ्यांची टोकं काढून खाली दोन इंच बारीक माती किंवा जुनी गोणपाटं अंथरा. मुरमाचा एक टोकदार खडा कागदाखाली राहिला तर पाणी भरल्यावर कागद त्याच्यावर दाबला जाऊन फाटतो आणि गळती कुठे आहे ते शोधण्यात उन्हाळा जातो. अशा तळ्यात सुमारे २,७०० लिटर पाणी मावतं आणि तीन लिली पुरतात. पाच लावायचा मोह होतो. तिसऱ्या वर्षी त्या एकमेकींच्या अंगावर चढतात.

सिमेंटचं नवं टाकं असेल तर घाई नको. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे मरतात, लिलीची मुळं जळतात. भरा, आठवडाभर ठेवा, सोडून द्या. असं तीन-चार वेळा झालं की मगच झाड.

चिखल

लिलीच्या मातीकडून एकच काम हवं असतं: खत धरून ठेवायचं, पाण्यात सोडायचं नाही. चिकणमातीचे कण हे काम करतात, कारण अमोनिया, पोटॅश, स्फुरद त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि मुळं तिथून ते घेतात. वाळू, कोकोपीट आणि बाजारात पिशवीत मिळणारं 'पॉटिंग मिक्स' यांना हे जमत नाही. कोकोपीट तर दुसऱ्या दिवशी वर तरंगायला लागतं आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं.

आपल्याकडची काळी माती यासाठी नशीबच म्हणायचं. तिची एकच खोड, चुनखडी. चुनखडीच्या मातीत लोह झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, अशी येतात. मूठभर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर ती माती सोडा, दुसरीकडची आणा. बरी निघाली तर दोन घमेली काळी माती आणि एक घमेलं पोयटा किंवा लाल माती असं मिसळा. नुसती काळी माती पाण्याखाली फार दाबून बसते आणि कोवळ्या मुळांना त्यातून वाट काढणं जड जातं. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत लोह भरपूर, पण खत धरायची ताकद कमी. तिथे भातखाचरातली माती आणा, दुसरं काही मिसळू नका. ती वर्षातले काही महिने पाण्याखालीच नांदलेली असते. भंडारा-गोंदियाकडेही हेच. धरणातला गाळ मिळत असेल तर चालेल, पण नदीकाठच्या शहराखालचा गाळ नको, त्यात सांडपाणी मुरलेलं असतं.

आता सगळ्यात मोठी चूक: शेणखत. बागकामाची सवय असलेल्या माणसाला माती खताशिवाय कोरडीच वाटते, म्हणून तो दोन ओंजळी शेणखत, ओंजळभर गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड घालतोच. पाण्याखाली हवा नसते. तिथे सेंद्रिय पदार्थ कुजतात ते हवेशिवाय, आणि त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. कुंडीतून बुडबुडे यायला लागले, काठी खुपसल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला आणि माती कोळशासारखी काळी दिसली तर हेच चाललंय. या वायूनं आधी बारीक मुळं मरतात, मग कंदाचा गाभा सडतो. वर पानं दोन आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे दुखणं उशिरा कळतं. हार्डी लिलीच्या लावणीला शेणखत शून्य. हाडांची पूडही नको, कारण ती इतकी हळू विरघळते की तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

माती पारखायची सोपी रीत: काचेच्या बरणीत चौथाई माती, बाकी पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली जाड कण, त्यावर चिकणमातीचा थर आणि वर स्वच्छ होत चाललेलं पाणी दिसायला हवं. वर काडी-कचऱ्याचा जाड थर तरंगत असेल तर माती पाण्यात कालवून तो काढून टाका.

गणपतीनंतर एक प्रश्न हमखास येतो: घरच्या टबात विसर्जन केलेल्या मूर्तीची शाडू माती वापरू का? शाडू फार बारीक असते, पाणी कित्येक दिवस पांढरट राहतं, आणि रंगात काय आहे याची खात्री नसते. ती पुढच्या मूर्तीला ठेवा. निर्माल्यही तळ्यात नको. कारण तेच, कुजणं.

लावणी

पठारावर लावणीची उत्तम वेळ फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. थंडी ओसरते, ऊन वाढायला लागतं आणि मेपर्यंत झाड मुळं धरतं. जून-जुलैत लावली तर मरत नाही, पण ढगाळ दिवसांत रखडते.

कुंडी उथळ आणि रुंद हवी: चौदा ते सोळा इंच रुंद, सहा-सात इंच उंच, तळाला भोक नसलेली. बांधकामाचं प्लॅस्टिकचं घमेलं यासाठी अगदी मापात बसतं. लोखंडी घेऊ नका, गंजतं. जाळीच्या कुंड्या 'वॉटर प्लांट पॉट' म्हणून विकतात त्यांतून माती गळते आणि खतही.

कंद हातात आला की आधी धुवा. चांगला कंद टणक असतो, आतून पांढरट किंवा फिक्कट पिवळा. बोटानं दाबल्यावर दबणारा, तपकिरी, वास येणारा भाग धारदार सुरीनं कापून टाका, जोवर स्वच्छ गर लागत नाही तोवर. जुनी जाड मुळं ती बोटभर ठेवून कापा, ती तशीही मरणार असतात. मोठी पानंही काढा, दोन-तीन कोवळी आणि कोंब ठेवा. मुळं नसलेल्या कंदावर पाच मोठी पानं ठेवली तर पाण्यात ती कंदाला वर ओढतात आणि सगळं तरंगायला लागतं.

घमेल्यात माती भरून पाणी घालत तिचा मऊ पण घट्ट चिखल करा, काठाच्या दोन इंच खालपर्यंत. कंदाचं कापलेलं टोक घमेल्याच्या भिंतीला टेकवा, कोंबाचं टोक मध्याकडे, आणि कोंब थोडा वर उचललेला, तीस-चाळीस अंशांत. कंद चिखलात दाबा, पण कोंबाचं तोंड उघडंच ठेवा. कोंब पुरला की सडतो. लावणीनंतर पहिल्या महिन्यात लिली जाण्याचं शेणखताखालोखाल हे दुसरं कारण. कंदावर एक चपटा दगड ठेवा, नाहीतर तो वर येतो. चिखलावर अर्धा इंच जाड धुतलेली क्रश सँड किंवा बारीक खडी पसरा, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. कोंबाभोवती मात्र खडी नको.

मग पाणी. पहिल्या दिवशी कोंबाच्या वर चार-सहा इंच पुरे. घमेलं विटांवर ठेवा आणि पानं वर पोहोचली की दर आठ-दहा दिवसांनी एकेक वीट काढा. शेवटी मोठ्या जातीवर बारा ते अठरा इंच, मध्यम जातीवर नऊ ते बारा. एकदम दोन फूट पाण्यात सोडलेल्या लहान कंदाला पान वर काढायला साठवलेलं सगळं अन्न खर्चावं लागतं आणि तो तिथेच दमतो. टबात पाणी हळू सोडा, ताटलीवर पाडून. नळाची धार थेट चिखलावर पडली की सगळी मेहनत ढवळून निघते.

खताची पुडी

पहिले सहा आठवडे खत नाही. चार-पाच नवी पानं आणि मुळांची पकड आल्यावर सुरुवात. दहा-सव्वीस-सव्वीस (नत्र, स्फुरद, पोटॅश यांचे टक्के) हे दाणेदार खत घ्या. पंधरा इंची घमेल्याला महिन्याला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, त्यांच्या दोन पुड्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधा. कोंब ज्या दिशेनं चाललाय त्या बाजूला, पण कंदापासून चार बोटं लांब, बोटानं तीन इंच खोल खड्डा करून पुडी दाबा आणि चिखलानं तोंड बंद करा. तोंड उघडं राहिलं तर आठवड्यात पाणी हिरवं होईल.

एकोणीस-एकोणीस-एकोणीस पाण्यात झटकन विरघळतं, ते फवारणीसाठी आहे. टबात त्याचा फायदा शेवाळाला. युरिया अजिबात नको, त्यातून सुटणारा अमोनिया मासे मारतो. अठरा-शेहेचाळीस म्हणजे डीएपी बरेच जण वापरतात. त्यात पोटॅश नाही आणि दाण्याभोवती अमोनिया सुटतो, म्हणून ते कंदाजवळ पडलं की मुळं भाजतात. दहा-सव्वीस-सव्वीस मिळत असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

पानं लहान, फिक्की आणि फुलांत दोन-दोन आठवड्यांचं अंतर असेल तर भूक. पानांच्या कडा करपल्या आणि नवं पान उघडायच्या आतच तपकिरी झालं तर अति झालं. तीन महिने काही घालू नका. नोव्हेंबर ते जानेवारी पठारावर खत बंद. मुंबई-कोकणात हिवाळ्यातही झाड हलतं राहतं, तिथे मात्रा निम्मी करा.

हिरवं पाणी, आणि डास

नव्या टबाचं पाणी दुसऱ्या आठवड्यात हिरवं होतंच. बदलू नका. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर क्षार येतात आणि शेवाळाचा नवा हंगाम सुरू होतो. पानांनी पृष्ठभागाचा साठ-सत्तर टक्के भाग झाकला की सावलीमुळे पाणी आपोआप निवळतं. तोवर हॉर्नवर्ट किंवा व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींच्या चार-पाच जुड्या टाका; त्या विरघळलेलं खत स्वतः खातात. केसांसारखं लांब शेवाळ काठीला गुंडाळून ओढून काढा. मोरचूद कोणी सुचवेल, शेतातल्या टाक्यात टाकतात म्हणून. माशांना ते विष आहे आणि लिलीलाही सोसत नाही. तुरटीनं पाण्याची आम्लता एकदम बदलते, तीही नको.

डासांचं मात्र गांभीर्यानं घ्या. महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. लिलीचा टब कोरडा करता येत नाही, म्हणून मासे हवेतच. शंभर लिटरला पाच-सहा गप्पी पुरतात, पुढे ते स्वतःच वाढतात. महापालिकेच्या हिवताप विभागाकडे चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी ते देतात. नळाचं पाणी पहिल्यांदा भरल्यावर एक दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडा, क्लोरीन उडून जातो. नंतर रोजची तूट भरताना ही काळजी लागत नाही. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. त्यामुळे उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पाणी भरण्याआधी टबाची आतली कड जुन्या ब्रशनं घासून घ्या. आणि वाढलेले गप्पी ओढ्यात, नदीत सोडू नका; ते इथले मासे नाहीत.

पानं आणि फुलं वाचायला शिका

हार्डीचं फूल सकाळी आठ-नऊला उघडतं, तिसऱ्या प्रहरी मिटतं, आणि हे तीन-चार दिवस चालतं. पहिल्या दिवशी वाकून आत बघा. मधोमध एक वाटी असते आणि तिच्यात चमकदार द्रव भरलेला असतो. बाहेरून परागकण घेऊन आलेली माशी त्यात उतरली की पराग धुऊन निघतो. बरेचदा माशीही बुडून मरते. दुसऱ्या दिवशी द्रव नाहीसा होतो, पुंकेसर वाटीवर वाकतात आणि फूल स्वतःचा पराग द्यायला लागतं. चौथ्या दिवसानंतर देठ वळून फूल पाण्याखाली जातं. ते तिथे कुजू देऊ नका, देठासकट तोडा.

पिवळं पानही काढायचं, पण हिरवी पानं 'झाड मोकळं दिसावं' म्हणून कापू नका. जॉन डेसी या संशोधकानं १९८० साली पिवळ्या पाणलिलीत दाखवून दिलं की कोवळ्या पानांत तापलेल्या हवेचा दाब तयार होतो, ती हवा देठातून खाली कंदापर्यंत जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. चिखलात हवा नसताना कंद जगतो तो यामुळे. सगळी मोठी पानं एकदम काढली तर हा मार्गच तुटतो.

पानावर अंडाकृती तुकडे कापलेले दिसले आणि तसेच तुकडे पाण्यावर तरंगताना दिसले तर एक उचलून उलटा करा. पानाचे दोन तुकडे शिवल्यासारखे जोडलेले असतील आणि मध्ये अळी असेल. ती पतंगाची अळी, हे तिचं घर आणि होडी दोन्ही. हातानं वेचा, जास्त झाली तर बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी माशांना बाधत नाही. काळपट मावा पानांवर आणि कळ्यांवर बसतो. पाइपच्या जोरदार धारेनं पाण्यात पाडा, गप्पी खातात. निंबोळी तेल मारू नका. लिलीची श्वसनाची छिद्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात आणि तेलाचा तवंग नेमका तिथेच बसतो.

एकाच वेळी सगळी पानं पिवळी पडून ओढताच हातात आली तर गाभा सडलाय. कंद बाहेर काढा, निरोगी तुकडा वाचत असेल तर नव्या मातीत लावा, जुनी माती पुन्हा लिलीला वापरू नका.

मे महिन्यात काळा टब तापतो. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा किंवा टब फूटभर जमिनीत पुरा. नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी एक ते चार पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा. पाणी रोज सेंटीमीटरभर सहज उडतं; ते पहाटे किंवा संध्याकाळी भरा, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं तापलेलं पाणी बाजूला सोडून द्या, ते थेट टबात गेलं तर मासे जातात. आरओचं वाया जाणारं पाणी बागेत वापरायचं कौतुक चाललंय, पण लिलीला नको. क्षार त्यातच साठलेले असतात. पावसाळ्यासाठी टबाच्या काठाखाली दोन इंचांवर अर्धा इंचाचं भोक पाडून जाळी लावा, म्हणजे मुसळधार पावसात गप्पी गच्चीच्या गटारात जाणार नाहीत.

सोबत काय लावायचं? काठावर वेखंड, ब्राह्मी, कर्दळ. तिघंही उथळ पाण्यात बारमाही राहतात. पाणकणीस दिसायला झकास, पण त्याची टोकदार मुळं शेततळ्याचा कागद फोडतात. कमळ लिलीच्याच कुंडीत नको. त्याला स्वतःचा दीड-दोन फुटी गोल टब द्या, कोपरे असले की त्याचे धावरे तिथे कोंडतात. कमळाला पाणी चार-सहा इंच पुरतं, कंदाचं टोक मोडलं तर तो डोळा गेला, आणि खत सुरू करायचं ते पाण्यावर टेकलेली नाही तर हवेत उभी राहिलेली पानं आल्यावर.

दोन-तीन वर्षांनी

पानं पाण्याबाहेर उभी राहायला लागली, एकमेकांवर चढली आणि फुलं कमी झाली की कुंडी भरली. फेब्रुवारीत घमेलं बाहेर काढा, आख्खा गड्डा उलटा करा, धुवा. कंदाचा पुढचा चार-सहा इंचांचा तुकडा कोंबासकट कापून नव्या मातीत लावा. मागच्या जुन्या कंदावर बाजूचे डोळे असतात. ते बोटभर गर ठेवून काढून सहा इंची कुंडीत लावले तर त्या हंगामाच्या शेवटी किंवा पुढच्या वर्षी फुलतात. हळद-राख लावायची गरज नाही, पण कंद उन्हात पडू देऊ नका. तासाभरात कोंब सुकतो. लांब पाठवायचा असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, चार-पाच दिवस टिकतो.

उरलेले तुकडे शेजाऱ्याला द्या. घेणारं कोणी नसेल तर उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टमध्ये टाका. तलावात, कालव्यात, पुलावरून नदीत टाकू नका. टब रिकामा करताना उरलेलं हॉर्नवर्ट आणि कुठून तरी आलेली जलपर्णीची रोपंही अशीच वाळवा.